स्टेपनी लावल्यापासून टायरचा पिवळा दिवा लुकलुकतोय. सेन्सर गेला की काय?

गोदाकाठ

गाडी २०२१ ची मध्यम एसयूव्ही, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असलेली. चारही अलॉय १७ इंची, टायर २१५/६० आर १७. स्टेपनी स्टीलची, २०५/६५ आर १६, तिच्यावर '८० किमी' असं पिवळं स्टिकर. दाराच्या खांबावरच्या पट्टीत चारही चाकांना ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय. प्रत्येक चाकाचा दाब स्क्रीनवर आकड्यात दिसतो.

लक्षणं अशी:

थंडी पडल्यापासून सकाळी टायरचा पिवळा दिवा स्थिर लागतो आणि १०-१५ किमी गेल्यावर आपोआप विझतो. दुपारी कधीच लागत नाही.

परवा पुढचं डावं चाक पंक्चर झालं म्हणून त्या जागी स्टेपनी चढवली, पंक्चर चाक डिकीत टाकलं. सुरुवातीला स्क्रीनवर त्या जागी ११ पीएसआय दिसत होते, थोड्या वेळाने नुसत्या दोन आडव्या रेघा आल्या. आता गाडी चालू केली की दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग लागूनच राहतो.

पंक्चरवाल्याचं मत, सेन्सर तुटला. चारही एकदमच बदला, बाकीचेही जातीलच. शिवाय महिन्यापूर्वी पुढची-मागची चाकं अदलाबदल केली होती, तेव्हापासून स्क्रीनवरच्या जागांवरही भरवसा राहिलेला नाही.

सेन्सर खरंच बदलायचे का? स्टेपनीत हवा किती ठेवायची, आणि या स्टेपनीवर नाशिक-पुणे जाऊन यावं का?

नटबोल्ट

सेन्सर विकत घेऊ नका. अजून तरी नाही.

एकाच दिव्याच्या या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दिवा स्थिर लागला तर अर्थ 'हवा कमी आहे'. चालू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला तर अर्थ 'मला एखादं चाक ऐकूच येत नाही'. तुमच्या स्टेपनीत सेन्सर नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत चारच सेन्सर येतात, पाचव्या चाकाला साधा रबरी व्हॉल्व्ह. गाडी चौथा आवाज शोधते, तो मिळत नाही, म्हणून लुकलुकते. म्हणजे यंत्रणा शाबूत आहे आणि आपलं काम करतेय.

ते ११ पीएसआय कुठून आले? डिकीतून. सेन्सर रेडिओने बोलतो आणि चाक कुठे पडलंय याचं त्याला सोयरसुतक नसतं. चाक फिरायचं थांबलं तरी काही मिनिटं तो पाठवत राहतो, मग बॅटरी वाचवायला झोपतो. तो झोपला आणि तुमच्या स्क्रीनवर रेघा आल्या. तुटलेल्या सेन्सरने ११ आकडा पाठवलाच नसता, त्यामुळे चाक उतरवलं तेव्हा तरी तो धडधाकट होता. तुटलाच असेल तर नंतर पंक्चर काढताना, टायर रिमवरून उतरवताना. बाहेरून स्ट्रिप (भोकात ठासायची रबरी पट्टी) घातली असेल तर तीही शक्यता नाही, कारण मधल्या पट्ट्यातल्या भोकातून टोचा सेन्सरपर्यंत जात नाही. तो रिमला, व्हॉल्व्हच्या मुळाशी असतो.

खात्री करायची रीत: दुरुस्त झालेलं चाक जागेवर लावा, ३३ भरा आणि ताशी ३० च्या वर सलग १५-२० मिनिटं चालवा. सेन्सर उभ्या गाडीत झोपलेला असतो, चाक फिरल्यावर जागा होतो. पंपावर हवा भरून तिथेच स्क्रीनकडे बघत बसण्यात अर्थ नाही, आकडा जुनाच दिसत राहील. २० मिनिटांनंतरही रेघाच असतील तर टीपीएमएस (टायरच्या दाबावर नजर ठेवणारी ही यंत्रणा) वाचणारं हातयंत्र असलेल्या दुकानात जा. ते व्हॉल्व्हजवळ धरलं की सेन्सरचा क्रमांक, दाब, तापमान आणि बऱ्याच सेन्सरची बॅटरीची स्थिती दिसते. यंत्र न लावता 'सेन्सर गेला' म्हणणं म्हणजे नाडी न बघता औषध लिहिणं.

'चारही बदला' हा सल्ला एका वेळी बरोबर असतो. बॅटरी सेन्सरमध्ये राळेत बंद केलेली असते, ती वेगळी बदलता येत नाही, आणि चौघांचं वय सारखंच असल्याने ते पाठोपाठ जातात. साधारण ७ ते १० वर्षं धरा. २०२१ च्या गाडीला आत्ता ती घाई नाही.

आता सकाळचा दिवा. हवा कधी भरता? दुपारी, गाडी फिरवून पंपावर गेल्यावर ना? टायरमधली हवा तेव्हा ४५ अंशांच्या आसपास असते. तिथे ३३ भरले की नाशिकच्या १० अंशांच्या पहाटे तेच टायर २७.५ ते २८ दाखवतं. गळती नाही, निव्वळ तापमान. ढोबळ हिशेब: दर ५-६ अंशांना १ पीएसआय. त्यात चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय जातोच. इशाऱ्याची रेघ बहुतेक गाड्यांत ठरलेल्या दाबाच्या २० ते २५ टक्के खाली असते, म्हणजे ३३ ला साधारण २५ ते २६.५. दोन महिने हवा पाहिली नाही तर पहाटे तुम्ही बरोबर त्या रेघेवर असता. गाडी चालली, टायर तापलं, दिवा विझला. विझला म्हणून हवा पुरेशी झाली असं नाही.

उपाय: गाडी किमान ३ तास उभी असताना, किंवा दीड-दोन किमीच्या आत पंप असेल तर तिथे, ३३ भरा. तापलेल्या टायरमध्ये भरायचीच वेळ आली तर ३-४ पीएसआय जास्त ठेवा आणि दुसऱ्या सकाळी स्वतःच्या गेजने बघून ३३ करा. उलटं कधीच नको: धावल्यावर ३८ दिसले म्हणून हवा सोडू नका.

डावा_पाना

स्टेपनीबद्दल मी सांगतो.

तुमची स्टेपनी 'बारकी' नाही, फक्त एक इंच लहान रिमची आहे. हा फरक महत्त्वाचा, कारण हवेचा आकडा त्यावर ठरतो. मापाच्या आधी 'टी' असेल (उदा. टी१२५/८० आर १५) तर ती तात्पुरती अरुंद स्टेपनी, तिच्यात ६० पीएसआय म्हणजे ४.२ बार लागतात. टायरच्या कुशीवर (बाजूच्या भिंतीवर) तसं छापलेलं असतं. पंपावरचा पोरगा ६० ऐकून हसतो आणि ३५ भरून देतो. तसल्या टायरमध्ये ३५ म्हणजे जवळजवळ पंक्चरच. तुमच्या २०५/६५ ला मात्र दाराच्या पट्टीत किंवा पुस्तिकेत स्टेपनीचा आकडा असेल तो घ्या. वेगळा दिलेला नसेल तर पट्टीतला पूर्ण भाराचा, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा. ठेवणीत ३-४ पीएसआय चढीच ठेवा. गरजेच्या वेळी सोडणं सोपं, भरणं अवघड.

आकार: २१५/६० आर १७ चा व्यास साधारण ६९० मिमी, २०५/६५ आर १६ चा ६७३. फरक अडीच टक्क्यांच्या जवळ. दर किलोमीटरला स्टेपनी दुसऱ्या चाकापेक्षा सुमारे १२ फेऱ्या जास्त घेते. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत ती पुढे लावली तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) सतत तो फरक पचवत बसतं, स्टिअरिंगही किंचित एका अंगाला ओढतं. पाच-दहा किमीवरच्या पंक्चरवाल्यापर्यंत काही बिघडत नाही. लांब जायचं असेल तर मागचं डावं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा.

क्रम चुकवू नका. आधी मागची बाजू उचलून चांगलं चाक काढा, तिथे स्टेपनी लावा, गाडी खाली घ्या. मग पुढे जा. हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. नट अर्धा फेरा जॅक लावण्याआधी सैल करायचे. जॅक उंबरठ्याखालच्या खाचेतच. नट हाताने बसवून चांदणीच्या क्रमाने आवळा, शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर.

जोर किती? या वर्गातल्या गाड्यांना साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर; नेमका आकडा पुस्तिकेत. ११० म्हणजे २८ सेंमी लांब पान्ह्याच्या टोकाला ४० किलोचा दाब. पान्ह्यावर उभं राहून उड्या मारणारे ७० किलोचे गृहस्थ १९० च्या वर नेऊन ठेवतात आणि पुढच्या वेळी तोच नट निघत नाही. ५० ते १०० किमीनंतर एकदा परत आवळून बघा, विशेषतः अलॉयच्या जागी स्टील लावलं असेल तर. काही गाड्यांत स्टीलच्या रिमला वेगळे नट दिलेले असतात, तेही तपासा.

नाशिक-पुणे या स्टेपनीवर करू नका. ताशी ८० च्या वेगाची मर्यादा आहे, आणि ही स्टेपनी गेली की मागे दुसरं चाक नाही. आधी मूळ चाक दुरुस्त करून चढवा. आणि स्टेपनीची जन्मतारीख बघा: कुशीवर 'डॉट' च्या ओळीतले शेवटचे चार आकडे. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत दिसते म्हणून फसू नका, रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं.

(जाता जाता: 'स्टेपनी' हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आलं. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला सुरुवात केली. तिकडे शब्द विसरले, आपण धरून ठेवला.)

गोदाकाठ

दोघांचेही आभार. आज पहाटे गेजने मोजलं: पुढचं उजवं २७.५, मागचं उजवं २८, मागचं डावं २५. स्टेपनी २२! पंपावरच्या गेजवर ३३ येतात तेव्हा माझं डिजिटल गेज ३१ दाखवतं. स्क्रीनवर २५ हा आकडा पुढच्या डाव्या जागी असायला हवा होता का? तिथे तर रेघा आहेत.

आणि स्टेपनीतही सेन्सर बसवून टाकला तर?

नटबोल्ट

मागच्या डाव्याचा २५ सुटा पडतोय. बाकी दोन २७.५-२८ वर असताना एकटं अडीच-तीनने खाली असेल तर तिथे तापमान नाही, गळती आहे. भांड्यात साबणाचं दाट पाणी करा आणि या क्रमाने लावा: आधी व्हॉल्व्हच्या तोंडात, मग व्हॉल्व्ह रिममधून बाहेर येतो तिथे, मग टायर आणि रिमच्या सांध्यावर सगळीकडे, शेवटी नक्षीत. नक्षीतला खिळा सगळे शोधतात, तोंडातली हवा अडवणारी पिन कोणी बघत नाही. बुडबुडा बारीक असतो, मिनिटभर थांबा.

पंपाचं गेज २ ने जास्त दाखवतंय, म्हणजे इतके दिवस तुम्ही ३१ वर ३३ समजून चालत होता. सकाळच्या दिव्याचं उरलेलं कोडं तिथे सुटलं.

स्क्रीनवरच्या जागा: अदलाबदल झाल्यावर काही गाड्या चालता चालता नवी जागा स्वतः शिकतात, काहींना यंत्राने शिकवावी लागते. तुमची कुठली, हे घरच्या घरी कळतं. एका चाकातली हवा मुद्दाम ३ पीएसआय सोडा, २० मिनिटं चालवा, कुठला आकडा पडला ते बघा, मग हवा परत भरा. चुकीची जागा दाखवत असेल तर दुकानात चारही क्रमांक नव्याने जागेवर लिहून घ्या, किंवा पुढच्या अदलाबदलीपर्यंत ध्यानात ठेवा. पैसे वाचतात, फक्त दुसऱ्याला गाडी देताना सांगावं लागतं.

स्टेपनीतल्या सेन्सरचा नाद सोडा. गाडीच्या यादीत चारच क्रमांक बसत असतील तर पाचवा ती ओळखणार नाही. एखादा 'कॉपी' सेन्सर जुन्याच क्रमांकाने बनवून देतात, पण मग एकाच नावाचे दोघे गाडीत होतात: एक चाकात, एक डिकीत. दोघेही जागे असले की आकडा कधी ३३, कधी ११. त्यापेक्षा महिन्यातून एकदा स्टेपनीला गेज लावणं सोपं.

चाकोरीबाहेर

कॅपच्या जागी बसणारे बाहेरचे सेन्सर स्टेपनीला लावले तर? स्वस्त असतात.

डावा_पाना

स्टेपनीला एक वेळ चालेल. धावत्या चाकांना, तेही साध्या रबरी व्हॉल्व्हवर, जपून. ती कॅप व्हॉल्व्हची पिन कायम दाबून धरते, म्हणजे हवा अडवायचं काम पिन सोडून कॅपच्या रबरी चकतीवर येतं. चकती वाळली की टायर हळूहळू बसतं. वर ते वजन वेगात बाहेर फेकलं जातं आणि रबरी देठाच्या मुळाशी चीर पडते. लावायचेच तर धातूचे देठ टाकून लावा, आणि लावल्यावर साबणपाणी.

खारेवारे

रत्नागिरी-मालवणकडच्या आणि मुंबईच्या गाड्यांसाठी. सेन्सर चांगला असतो, व्हॉल्व्ह मरतो.

अॅल्युमिनियमच्या देठात पितळी पिन घातली की खारट दमट हवेत दोन धातू एकमेकांना खातात. पांढरी पूड दिसते, पिन आत जाम होते आणि फिरवायला गेलं की देठ तुटतो. सेन्सरच्या व्हॉल्व्हला निकेलचा मुलामा असलेलीच पिन. शोभेच्या धातूच्या टोप्या तशाच चिकटतात. प्लास्टिकची टोपी वापरा, पण वापराच. टायर बदलताना दर वेळी सर्व्हिस किट मागा: रबरी वायसर, नट, पिन, टोपी. सेन्सर तोच राहतो. नट अंदाजाने आवळू देऊ नका, वायसर दाबून फुटतो. सेन्सरच्या कागदावर आकडा असतो आणि तो चाकाच्या नटांच्या मानाने अगदीच किरकोळ असतो.

टायर उतरवताना दुकानदाराला आधी सांगा की आत सेन्सर आहे. सांधा फोडणारं पातं व्हॉल्व्हच्या जवळ लावायचं नाही. सेन्सर तुटतात ते बहुतेक त्याच दणक्यात.

स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली असेल (सीएनजीच्या काही गाड्यांत, पिकअपमध्ये) तर वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, पूर्ण खाली उतरवा. ग्रीस लावा, परत वर घ्या. गंजून अडकली की रस्त्यावर ती असून नसल्यासारखी.

हवाहवाई

नायट्रोजन भरला की सकाळचा दिवा लागत नाही म्हणतात. खरं का?

नटबोल्ट

नाही. तापमानाने दाब बदलण्याचा नियम दोघांना सारखाच, आणि साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. कोरडा असतो एवढा फायदा. तो भरलेल्या टायरमध्ये साधी हवा टाकली तरी काही बिघडत नाही. 'नायट्रोजनवालं टायर आहे' म्हणून कमी हवेवर चालवणारे बघून कीव येते.

साधीसुधी

ज्यांच्या स्क्रीनवर आकडे नाहीत, नुसता दिवा आहे, त्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं लावू नये. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत टायरमध्ये सेन्सरच नसतो. एबीएसचे (ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांच्या फेऱ्या मोजतात; हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त फिरतं, त्यावरून गाडी ओळखते. हा फरक एका टक्क्यापेक्षाही कमी असतो, त्यामुळे अडीच टक्के लहान स्टेपनी लावली की दिवा लागणारच.

अशा गाडीत हवा भरल्यावर मेनूत जाऊन 'रीसेट' करावं लागतं. आधी चारही थंड टायर गेजने बरोबर करा, मगच रीसेट. दिवा त्रास देतो म्हणून कमी हवेवर रीसेट केलंत तर गाडी तीच कमी हवा 'बरोबर' म्हणून शिकते आणि पुढे गप्प बसते. चारही टायर सारखेच उतरले तर यातल्या जुन्या यंत्रणांना कळतच नाही.

नवी गाडी घेणाऱ्यांनी डिकी उघडून बघा. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि दुरुस्तीचा संच दिला तर कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. त्या संचातलं द्रव नक्षीतल्या खिळ्याच्या भोकापुरतं; कुशीतली चीर किंवा खड्ड्यात वाकलेली रिम त्याने भरत नाही. भरल्यावर ५-१० किमीने दाब परत बघायचा, वेग ८० च्या आत. बाटलीवर मुदत छापलेली असते. आणि पंक्चर काढताना ते द्रव आत आहे हे सांगा, सेन्सरचं बारीक भोक त्याने बुजतं, पुसून घ्यावं लागतं.

एडिसनकर

अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून सगळ्या नव्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची आहे. इथल्या काही मोठ्या गाड्यांत स्टेपनीतही पाचवा सेन्सर असतो. चारही चाकं ३५ वर, तरी दिवा जात नाही, आणि माणूस चार चाकांभोवती फेऱ्या मारत राहतो. खाली वाकून पाचवं बघा. इथून सेन्सर कोणाला पाठवत असाल तर थांबा: इथले बरेच ३१५ मेगाहर्ट्झचे, भारतातल्या गाड्या ४३३ वर ऐकतात. बसेल व्यवस्थित, बोलणार नाही.

गोदाकाठ

मूळ चाक नक्षीत स्ट्रिप घालून, थंड असताना ३३ भरून पुढे डावीकडे लावलं. साधारण १२ किमीवर रेघा जाऊन आकडा आला, पुढच्या वेळी चालू केल्यावर लुकलुकणं बंद. सेन्सर शाबूत. मागच्या डाव्याला व्हॉल्व्हच्या तोंडातच बुडबुडा निघाला. पिन आवळली तरी येतोय. स्क्रीन पुढचं-मागचं बरोबरच दाखवतेय, ३ पीएसआय सोडून खात्री केली.

खारेवारे

पिन बदला, निकेलवाली. त्यासाठी टायर उतरवायची गरज नाही: गाडी जॅकवर घ्या, हवा सोडा, जुनी पिन काढा, नवी बसवा, ३३ भरा, परत साबणपाणी. पिन बारीक आणि देठाच्या आत असते, ती फिरवायच्या छोट्या चावीने, बोटांच्या जोराने घट्ट होईल तेवढीच आवळा.